‘मिटवून घ्या’ म्हणजे क्षमा नव्हे! टीव्हीवरच्या चेहऱ्यांची आत्मचरित्रे काय सांगतात?

‘झालं गेलं गंगेला मिळालं, आता मिटवून घ्या.’ बांधावरचे भांडण असो, सुनेचा छळ असो की पोरांनी केलेली मारहाण, बीड जिल्ह्यात चार वडीलधारी माणसे एकत्र बसली की हे वाक्य ठरलेले असते. बोलणाऱ्याचा हेतू अनेकदा चांगलाच असतो. एका गावात राहायचे, रोज एकमेकांचे तोंड पाहायचे, मग वैर कशाला वाढवायचे? तारखांसाठी कोर्टात खेटे कोण घालणार? पण या बैठकीत एक प्रश्न बहुतेक वेळा राहून जातो. ज्याला मार बसला, जिने सोसले, त्या माणसाला काय वाटते?

क्षमा हा शब्द ख्रिस्ती धर्मात अगदी मध्यभागी आहे. म्हणूनच अमेरिकेतील टीव्हीवरच्या ख्रिस्ती चेहऱ्यांच्या आत्मचरित्रांत तो पानोपानी भेटतो. कुणी केलेल्या पापाची कबुली देऊन माफी मागतो, कुणी आपल्यावर अन्याय करणाऱ्याला माफ केल्याचे सांगते. मुलाखतींचे तुकडे आणि रील यांतून या गोष्टी आपल्या फोनवरही येतात. बीडसारख्या, जिथे ख्रिस्ती लोकसंख्या अगदी थोडी आहे अशा जिल्ह्यातल्या वाचकाचा याच्याशी काय संबंध, असे वाटू शकते. संबंध आहे. क्षमा आणि ‘मिटवामिटवी’ यांतला फरक या पुस्तकांत स्पष्ट दिसतो आणि तो फरक समजून घेण्याची गरज आपल्याकडे आज फार आहे.

ख्रिस्ती विचारात क्षमा म्हणजे नेमके काय?

येशूने शिष्यांना शिकवलेल्या प्रार्थनेत देवाकडे क्षमा मागितली आहे आणि त्याच दमात आम्हीही इतरांना क्षमा करतो, असे म्हटले आहे. स्वतःला माफी हवी असेल तर दुसऱ्याला ती द्यावी लागते, अशी ही जोडी आहे. मत्तयकृत शुभवर्तमानाच्या अठराव्या अध्यायात पेत्र येशूला विचारतो, भावाने अपराध केला तर किती वेळा क्षमा करायची, सात वेळा? येशूच्या उत्तराचा अर्थ असा की, मोजत बसू नकोस.

हा प्रसंग सगळ्यांना ठाऊक असतो. पण त्याच अध्यायात, या प्रश्नाच्या थोडे आधी, आणखी एक सूचना आहे. तिची आठवण फारशी कुणी काढत नाही. भावाने अपराध केला तर त्याच्याकडे जा आणि त्याचा दोष त्याला दाखव. ऐकले नाही तर सोबत एक-दोन साक्षीदार ने. तरीही ऐकले नाही तर मंडळीला, म्हणजे सगळ्या समुदायाला सांग. क्षमेच्या आधी सत्य सांगणे आहे, तेही साक्षीदारांसमोर. झाकून ठेवणे त्यात कुठेच बसत नाही.

लूककृत शुभवर्तमानात जक्कयाची गोष्ट आहे. तो जकातदारांचा प्रमुख, लोकांकडून जास्तीचे पैसे काढून श्रीमंत झालेला. येशू त्याच्या घरी उतरला तेव्हा जक्कय नुसता रडला नाही. अर्धी मालमत्ता गरिबांना देतो आणि ज्याचे अन्यायाने घेतले त्याला चौपट परत करतो, असे त्याने सांगितले. पश्चात्ताप म्हणजे भरपाई, हा हिशेब तिथे स्पष्ट आहे.

यावरून चार गोष्टी वेगळ्या करता येतात. क्षमा म्हणजे मनातला सूड सोडणे. विसरणे ही वेगळी गोष्ट. पुन्हा एकत्र येणे, म्हणजे समेट, ही तिसरी. आणि शिक्षा माफ होणे ही चौथी. क्षमा करणाऱ्याने बाकीच्या तिन्ही गोष्टी द्यायलाच हव्यात असे नाही. गोंधळ होतो तो या चारही एकाच गाठोड्यात बांधल्या की.

ही केवळ ख्रिस्ती कल्पना आहे का?

नाही. गोदावरीच्या पलीकडे, पैठणला, संत एकनाथांची कथा लहान मुलांनाही माहीत असते. अंगावर थुंकणाऱ्या माणसावर न रागावता नाथ पुन्हा पुन्हा नदीत स्नान करत राहिले. समाजाने दुखावलेल्या ज्ञानदेवांनी ताटी लावून घेतली तेव्हा धाकट्या मुक्ताबाईने त्यांना समजावले, ही आठवण ताटीच्या अभंगांनी जपली आहे. दोन्ही ठिकाणी एक गोष्ट सारखी आहे. राग गिळणारा माणूस तोच आहे ज्याचा अपमान झाला होता. नाथांच्या वतीने दुसऱ्या कुणी माफी देऊन टाकली नाही.

म्हणजे वारकरी परंपरा असो की ख्रिस्ती, क्षमा ही ज्याच्यावर अन्याय झाला त्याच्याच हातातली गोष्ट आहे. टीव्ही आला आणि नेमके इथेच पाणी मुरू लागले.

टीव्हीने क्षमेचे काय केले?

ख्रिस्ती मंडळींमध्ये ‘साक्ष’ देण्याची जुनी पद्धत आहे. आधी मी कसा होतो, कुठे घसरलो, देव कसा भेटला आणि आता मी कसा बदललो, हे सर्वांसमोर सांगायचे. टीव्हीवरच्या माणसांची आत्मचरित्रे पुष्कळदा याच साच्यात लिहिलेली असतात. साचा चांगला आहे, पण त्यात एक धोका आहे. गोष्टीचा नायक पाप करणारा होतो. त्याचे पडणे, त्याचे अश्रू, त्याचे उठणे. ज्याचे नुकसान झाले तो कथेत कोपऱ्यात उभा राहतो.

जिम बेकर यांचे उदाहरण घ्या. १९८० च्या दशकात ते अमेरिकेतील सर्वांत प्रसिद्ध टीव्ही प्रचारकांपैकी एक होते. पत्नी टॅमी फे यांच्यासोबत ते रोजचा कार्यक्रम करत. त्यांनी ‘हेरिटेज यूएसए’ नावाचे मोठे ख्रिस्ती विश्रामस्थळ उभारले आणि तिथल्या हॉटेलात दरवर्षी मुक्कामाची सोय देणारी आजीवन भागीदारी हजार डॉलरला विकली. खोल्या मोजक्या होत्या आणि पैसे भरणारे लाखाच्या वर. १९८७ मध्ये एका लैंगिक प्रकरणानंतर बेकर यांनी पद सोडले. १९८९ मध्ये फसवणुकीच्या गुन्ह्यात ते दोषी ठरले आणि त्यांना ४५ वर्षांची शिक्षा झाली. पुढे ती कमी करण्यात आली आणि १९९४ मध्ये ते बाहेर आले.

१९९६ मध्ये त्यांचे आत्मचरित्र आले. त्याच्या नावाचा अर्थच ‘माझे चुकले’ असा आहे. देव धन देतो या आपल्याच जुन्या शिकवणुकीवर त्यांनी त्यात टीका केली. कबुली म्हणून हे पुस्तक महत्त्वाचे आहेच. पण काही वर्षांनी बेकर पुन्हा टीव्हीवर आले. २०२० मध्ये कोरोनाच्या सुरुवातीला त्यांच्या कार्यक्रमातून चांदीयुक्त द्रावणाची औषध म्हणून जाहिरात केल्याबद्दल मिसूरी राज्याने त्यांच्यावर दावा लावला. पुढच्या वर्षी पैसे परत करण्याच्या अटीवर तो मिटला.

बेकर यांच्या मनात काय होते हे आपण ठरवू शकत नाही. पण वाचक म्हणून एवढे नक्की विचारता येते की, पुस्तकातल्या कबुलीनंतर माणूस जक्कयासारखा वागला का? ज्यांचे गेले त्यांना काही परत मिळाले का? आणि ज्या खुर्चीवर बसून चूक केली, त्या खुर्चीपासून तो लांब राहिला का?

१९८८ मध्ये जिमी स्वॅगर्ट या दुसऱ्या टीव्ही प्रचारकाने कॅमेऱ्यासमोर ढसाढसा रडत पापाची कबुली दिली होती. ते दृश्य जगभर गाजले. त्यानंतर ‘रडून माफी मागणे’ हा टीव्हीवरचा जणू एक कार्यक्रमच झाला. आज तो फोनवर आहे. कॅमेरा अश्रू दाखवू शकतो. पण त्यानंतर दहा वर्षे माणूस कसा वागला, हे दाखवायला तो थांबत नाही.

जिने सोसले, तिनेच लिहिले तेव्हा काय झाले?

याच्या उलट बाजूने लिहिलेले पुस्तक जिल डगर यांचे आहे. अमेरिकेतील डगर कुटुंब कट्टर ख्रिस्ती आणि खूप मुलांचे कुटुंब म्हणून प्रसिद्ध झाले. २००८ पासून त्यांच्यावर टीव्ही मालिका सुरू होती. मुले वाढत गेली तसे मालिकेच्या नावातला आकडाही वाढला आणि १९ वर पोहोचला. हसते-खेळते, देवभीरू घर म्हणून लाखो लोकांनी ते पाहिले.

मे २०१५ मध्ये एक जुने प्रकरण बाहेर आले. थोरला मुलगा जोश याने किशोरवयात आपल्याच काही बहिणींशी लैंगिक गैरवर्तन केले होते. आई-वडिलांना ते त्याच काळात कळले होते. प्रकरण घरात आणि मंडळीतल्या मोजक्या लोकांत हाताळले गेले. आपल्या भाषेत सांगायचे तर, मिटवून घेतले गेले. बातमी फुटल्यावर जिल आणि त्यांची एक बहीण राष्ट्रीय वाहिनीवर आल्या आणि आम्ही भावाला माफ केले आहे, असे त्यांनी सांगितले. मालिका मात्र काही आठवड्यांत बंद झाली.

तेव्हा अनेकांना ती मुलाखत म्हणजे ख्रिस्ती क्षमेचे सुंदर उदाहरण वाटली. २०२३ मध्ये या कुटुंबावर आलेल्या माहितीपट मालिकेत जिल यांनी वेगळीच बाजू मांडली. आज विचार करता ती मुलाखत आपण दिली नसती, घर सावरण्याचे ओझे आपल्यावर आहे असे तेव्हा वाटत होते, या आशयाचे त्या बोलल्या. त्याच वर्षी त्यांचे आत्मचरित्र आले. मालिकेच्या कामाचे पैसे, वडिलांनी घेतलेल्या सह्या आणि आज्ञाधारक मुलगी असण्याचा अर्थ, हे सगळे त्यांनी त्यात मोकळेपणाने लिहिले.

जोशला मात्र तोवर कायद्याने गाठले होते. डिसेंबर २०२१ मध्ये बालकांच्या लैंगिक शोषणाची दृश्ये मिळवल्याच्या आणि बाळगल्याच्या प्रकरणात तो दोषी ठरला आणि २०२२ मध्ये त्याला बारा वर्षांहून अधिक तुरुंगवास झाला. घरात ‘मिटले’ म्हणून गुन्हा करणारा बदलतोच असे नाही, याचे याहून कठोर उदाहरण कुठले?

आणखी एक गोष्ट लक्षात घ्यायला हवी. जिल यांनी ख्रिस्ती श्रद्धा सोडलेली नाही. त्यांची धाकटी बहीण जिंजर हिनेही २०२३ मध्ये पुस्तक लिहिले. ज्या धर्मशिक्षकाच्या कडक नियमांत हे घर वाढले, त्याची शिकवण तिने एकेक करून तपासली आणि नाकारली, पण येशूवरचा विश्वास ठेवला. म्हणजे या बहिणींचा वाद क्षमेशी नाही. धर्माचे नाव घेऊन दुखावलेल्या माणसाचे तोंड बंद करण्याशी आहे.

भारतात क्षमेचा अनुभव काय सांगतो?

आपल्याकडे हा प्रश्न टीव्हीवरून घराघरात पोहोचला तो जानेवारी १९९९ मध्ये. ओडिशातील मनोहरपूर गावात जमावाने गाडीला आग लावली. कुष्ठरोग्यांमध्ये काम करणारे ऑस्ट्रेलियन मिशनरी ग्रॅहम स्टेन्स आणि त्यांची दहा आणि सहा वर्षांची दोन मुले, फिलिप आणि टिमोथी, त्यात जळून गेली. त्यानंतर ग्लॅडिस स्टेन्स यांनी मारेकऱ्यांना क्षमा केल्याचे सांगितले आणि ओडिशातले काम सुरू ठेवले. २००५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली.

ग्लॅडिस यांची क्षमा सगळ्यांना आठवते. त्यांनी केलेला भेद कमी जणांना आठवतो. क्षमा ही माझी बाब आहे, शिक्षा ही कायद्याची, अशी त्यांची भूमिका होती. खटला त्यांच्या क्षमेमुळे थांबला नाही. मुख्य आरोपी दारा सिंग याला २००३ मध्ये फाशी झाली, २००५ मध्ये उच्च न्यायालयाने ती जन्मठेपेत बदलली आणि २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जन्मठेप कायम केली. एका बाईचे मन आणि देशाचा कायदा, दोघांनी आपापले काम केले.

दुसरे उदाहरण मध्य प्रदेशातले आहे. इंदूर परिसरात गरीब शेतमजुरांना सावकारीतून सोडवण्याचे काम करणाऱ्या सिस्टर राणी मारिया यांची १९९५ मध्ये बसमधून जाताना हत्या झाली. मारेकरी समंदर सिंग तुरुंगात असताना राणी मारिया यांची धाकटी बहीण, तीही सिस्टरच, त्याला भेटली आणि तिने त्याला राखी बांधली. पुढे त्याची सुटका झाली. २०१७ मध्ये कॅथलिक चर्चने राणी मारिया यांना ‘धन्य’ घोषित केले. या कथेवर माहितीपटही निघाला. इथेही क्रम पाहा. गुन्हा कबूल झाला, शिक्षा सुरू झाली, तुरुंगाची वर्षे गेली आणि मग राखी आली. राखी आधी आणि शिक्षा कधीच नाही, असे झाले नाही.

आपल्या शेजारच्या जिल्ह्यातले पुस्तक

हे सगळे दूरचे वाटत असेल तर आष्टी, पाटोद्याच्या पलीकडे, नगरकडे पाहू. आजचे अहिल्यानगर हे मराठी ख्रिस्ती लेखनाचे माहेर आहे. अमेरिकन मराठी मिशनचे काम तिथे १८३१ मध्ये सुरू झाले. ‘ज्ञानोदय’ हे नियतकालिक १८४२ मध्ये तिथूनच निघाले. आणि मराठीतले बहुधा सर्वांत लाडके आत्मचरित्र, लक्ष्मीबाई टिळकांचे ‘स्मृतिचित्रे’, ज्या संसारावर आहे त्यातला मोठा काळ नगर आणि राहुरीत गेला.

लक्ष्मीबाईंचा जन्म १८६८ चा, नाशिकजवळच्या जलालपूरचा. वयाच्या बाराव्या वर्षाच्या आतच कवी नारायण वामन टिळकांशी लग्न झाले. वडिलांचे सोवळे टोकाचे, सासऱ्यांचा जाच वेगळा आणि नवरा लहरी, कधीही घर सोडून निघून जाणारा. १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईत बाप्तिस्मा घेतला. बायकोला न विचारता घेतलेल्या या निर्णयाने तिचे सगळे जग एका दिवसात मोडले. पुढची काही वर्षे दोघे वेगळे राहिले. नंतर त्या टिळकांकडे आल्या, पण आपले सोवळे सांभाळून. मग एकेक बंधन स्वतःच्या विचाराने सैल करत १९०० मध्ये त्यांनी बाप्तिस्मा घेतला.

टिळक १९१९ मध्ये गेले. त्यानंतर बऱ्याच वर्षांनी लक्ष्मीबाईंनी आठवणी लिहिल्या आणि १९३४ पासून त्या पुस्तकरूपाने येऊ लागल्या. विजया मेहता यांनी १९८० च्या दशकात त्यावर दूरदर्शनसाठी चित्रपट केला, तेव्हा ही गोष्ट मराठी घरांत टीव्हीवरही पोहोचली.

या पुस्तकात क्षमेवर प्रवचन नाही. ‘मी माफ केले’ असे छाती पुढे काढून सांगणे नाही. नवऱ्याने काय केले ते त्या एकेक प्रसंग घेऊन सांगतात. काही लपवत नाहीत. त्याचे रागीटपण, त्याचा विसरभोळेपणा, त्याचे अचानक गायब होणे सगळे येते. आणि तरी वाचणाऱ्याला टिळकांचा तिरस्कार वाटत नाही, उलट माया वाटते. कारण लिहिणारी स्वतःवर हसते आणि त्याच्यावरही हसते. आधी सगळे खरे सांगितले आहे, म्हणून ते हसणे खोटे वाटत नाही. मला विचाराल तर, टीव्हीवरच्या शंभर अश्रूभरल्या कबुल्यांपेक्षा हे जुने मराठी पुस्तक क्षमा जास्त नीट समजावते.

आणखी एक. लक्ष्मीबाईंना हे लिहायला काही दशके लागली. क्षमेला वेळ लागतो. बैठक सुटायच्या आत ती देता येत नाही.

बीडमध्ये आज हे कशाला?

९ डिसेंबर २०२४ रोजी केज तालुक्यातील मस्साजोगच्या सरपंचांचे अपहरण करून हत्या झाली. मार्च २०२५ मध्ये आरोपपत्रातील छायाचित्रे घराघरातल्या फोनवर पोहोचली आणि ती पाहून जिल्हा सुन्न झाला. प्रकरण न्यायालयात आहे आणि निकाल तिथेच लागेल. पण त्या काळात जिल्ह्याबद्दल जे बोलले गेले, त्यात एक जुने दुखणे उघडे पडले. लहान लहान गुन्हे वर्षानुवर्षे ‘मिटत’ गेले की मारणाऱ्याचे धाडस वाढते. पहिली थप्पड मिटवली जाते, मग काठी मिटवली जाते. त्यापुढे काय होते, ते आपण पाहिले आहे.

दुसरा प्रकार माफीच्या व्हिडिओंचा. कुणाला तरी मारहाण करायची, पाया पडायला लावायचे, ‘माझी चूक झाली’ असे वदवून घ्यायचे आणि ती चित्रफीत गावभर फिरवायची. हे माफी मागणे नव्हे, ती दुसरी मारहाण आहे. त्याच्या उलट, गुन्हा करणारा स्वतःच हात जोडून रील टाकतो आणि समर्थक खाली लिहितात, ‘मोठ्या मनाचा माणूस’. ज्याचे डोके फुटले त्याला मात्र विचारलेलेच नसते.

तिसरा प्रकार सर्वांत गुपचूप चालतो. मुलीवरचा अत्याचार, बालविवाह, घरातला छळ. ‘मुलीच्या आयुष्याचा प्रश्न आहे, इज्जत जाईल’ या कारणाने तो आत दाबला जातो. डगर कुटुंबात जे झाले त्याचीच ही आपली आवृत्ती आहे. फक्त तिथे बायबलचे नाव होते, इथे घराण्याचे असते.

कायदा काय म्हणतो?

सर्व भांडणे कोर्टात न्यावीत, असे कायदाही म्हणत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५९ मध्ये तडजोड करता येणाऱ्या गुन्ह्यांची यादी आहे. साधी दुखापत, बदनामी यांसारखे काही गुन्हे ज्याचे नुकसान झाले त्या व्यक्तीच्या संमतीने मिटवता येतात. काहींना न्यायालयाची परवानगी लागते. तडजोड कोण करू शकतो, हेही तिथे लिहिले आहे. तो अधिकार बाधित व्यक्तीचा आहे. सरपंचाचा, पुढाऱ्याचा किंवा जातीच्या पंचांचा नाही.

खून, बलात्कार यांसारखे गुन्हे या यादीत नाहीत. घरच्यांनी क्षमा केली तरी खटला चालतो, कारण तो समाजाविरुद्धचा गुन्हा मानला जातो. नोव्हेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने राजस्थानातील एका प्रकरणात स्पष्ट केले की, विद्यार्थिनीच्या लैंगिक छळाचा गुन्हा तिच्या वडिलांशी झालेल्या तडजोडीमुळे रद्द करता येणार नाही. २०१२ च्या पोक्सो कायद्यानुसार तर बालकावरील लैंगिक अत्याचाराची माहिती असून पोलिसांना न कळवणे हाच गुन्हा आहे. म्हणजे असे प्रकरण ‘मिटवायला’ बसलेली मंडळी स्वतः अडचणीत येऊ शकतात.

मग क्षमा करूच नये का?

करावी, जमेल तेव्हा आणि जमेल तशी. सूड माणसाला आतून खातो. पिढ्यान्‌पिढ्या चालणारी भावकीची वैरे बीडने भरपूर पाहिली आहेत. कुणीतरी एकाने ‘आता माझ्याकडून पुरे’ म्हटल्याशिवाय ती थांबत नाहीत. ग्लॅडिस स्टेन्स यांनी आयुष्य द्वेषात घालवले नाही, यात त्यांचे स्वतःचेही भले झाले. ख्रिस्ती परंपरेने जगाला दिलेली ही मोठी गोष्ट आहे आणि ती कमी लेखण्याचे कारण नाही.

काही जण म्हणतील, इतक्या अटी घातल्या तर ती क्षमा कसली? येशूने तर क्रुसावरून, कुणी माफी मागितली नसतानाही क्षमेची प्रार्थना केली. हे खरे आहे. पण ती प्रार्थना खिळे ठोकले गेलेल्याने केली होती. खिळे ठोकणाऱ्यांच्या नातेवाइकांनी येऊन ‘आता माफ करून टाका’ असे त्याला सांगितले नव्हते. जो दुखावला आहे तो बिनशर्त क्षमा करू शकतो. बाहेरच्याला ती मागण्याचा हक्क नाही.

आणि ज्याला क्षमा जमत नाही, त्याला कमी धार्मिक किंवा कमी मोठ्या मनाचा ठरवू नये. मुलगा गमावलेल्या आईला ‘विसरा आता’ म्हणणे सोपे असते. तिच्या जागी उभे राहिलेल्यालाच त्याचे वजन कळते.

पुढच्या वेळी फोनवर ‘माफी’ दिसली तर

टीव्हीवरच्या माणसाचे आत्मचरित्र असो, पुढाऱ्याची पोस्ट असो की गावातला व्हिडिओ, स्वतःला एवढे चार प्रश्न विचारा:

१) क्षमेबद्दल कोण बोलते आहे? ज्याने सोसले तो, की दुसरे कुणी?

२) काय घडले ते नीट, नाव घेऊन सांगितले आहे, की ‘झाली चूक’ म्हणून गुंडाळले आहे?

३) नुकसान भरून देण्यासाठी काही केले आहे का?

४) कायद्याचे काम चालू आहे, की माफीच्या नावाने ते थांबवायचा प्रयत्न आहे?

चारही उत्तरे समाधानकारक असतील तर ती क्षमा आहे आणि तिच्यापुढे हात जोडावेत. नसतील तर ती मिटवामिटवी आहे. गावच्या बैठकीत बसणाऱ्या वडीलधाऱ्यांनीही ‘मिटवून घ्या’ म्हणण्याआधी पहिला प्रश्न विचारायला हरकत नाही. कोपऱ्यात गप्प बसलेल्या त्या माणसाकडे वळून म्हणावे, ‘तुला काय वाटतं, तू सांग. आम्ही ऐकतो.’ तो बोलेपर्यंत थांबावे लागले तरी चालेल.